शर्यतीच्या दिवसाचे बूट

"चप्पल काढा, मॅडम." आमचे खेळाचे सर माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे.

आश्रमशाळेत मी रुजू झाले त्या दिवशीची गोष्ट. मी मराठी शिकवायला आले होते, देवळात नव्हे. चप्पल कशाला काढायची ते कळेना. तोवर या गृहस्थांनी वाकून माझी एक चप्पल उचललीसुद्धा. उलटी केली, टाचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बाहेरथीन घसायेल शे. डावा गुडघा दुखस ना?" गुडघा खरंच दुखत होता. पण नव्या जागी पहिल्याच दिवशी सगळ्या स्टाफसमोर कोणी आपली चप्पल हातात धरून उभं राहिलेलं मला आवडलं नाही. मी म्हटलं, "नाही दुखत."

"दुखस," ते म्हणाले, चप्पल खाली ठेवली आणि मैदानाकडे निघून गेले.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल, ज्याला जगातली एकच गोष्ट दिसते. आमच्या सरांना तळवे दिसायचे. तपासणीला साहेब आले तरी यांची नजर साहेबांच्या बुटांवर. काठी गावच्या होळीला लोक मोरपिसांचे टोप आणि कमरेची घुंगरं बघायला लांबलांबून येतात. सर तिथेही वाकून नाचणाऱ्यांच्या टाचा बघत होते. एका म्हाताऱ्याने शेवटी त्यांना विचारलं, काही हरवलंय का. "लोके तोंड देखतस, मी तळ देखस," असं ते छाती काढून सांगायचे. नम्र वगैरे ते अजिबात नव्हते.

आमची शाळा तळोद्याच्या वर, जीप घाटाला लागते तिथे आहे. सर शहाद्याकडच्या गावचे. क्रीडाशिक्षक, पण कंत्राटी. उन्हाळ्यात त्यांची नेमणूक संपायची आणि जूनमध्ये पुन्हा मिळायची, आणि मधले दोन महिने ते मुख्याध्यापकांना विनाकारण फोन करत राहायचे.

डोंगरातल्या पोरी आमच्याकडे येतात त्या बहुतेक अनवाणी येतात. कोणी पाहुणा आला की भाषणात एक वाक्य ठरलेलं असतं: "ही निसर्गाची लेकरं, यांना बुटांची गरजच नाही." टाळ्या पडतात. सर मागच्या रांगेतून पुटपुटायचे, "मंग तुमना काढा ना बूट." एकदा ते जरा मोठ्याने बोलून गेले. पाहुण्यांनी ऐकलं नाही, मुख्याध्यापकांनी ऐकलं.

बुटांबद्दल सरांचा एक नियम होता आणि तो ते दिवसातून निदान एकदा कोणाला तरी ऐकवायचेच. "रोजना न्यारा, शर्यतना न्यारा." रोजच्या सरावाचा जोड जाड तळाचा, थोडा जड, खडीमातीत टिकणारा. शर्यतीचा जोड हलका. पण हलका म्हणजे नवा नव्हे. शर्यतीच्या दिवशी पायात नवीन काही घालायचं नाही, मोजासुद्धा नाही. शर्यतीचे बूट आधी आणायचे, थोडे थोडे वापरून पायाच्या वळणावर आणायचे आणि मग जपून ठेवायचे. पोरींना मैदानावर ते बूट घालू द्यायला सरांचा जीव होईना, म्हणून ते त्यांना प्रार्थनेला आणि अभ्यासिकेत बूट घालून बसवायचे. सरस्वतीच्या फोटोसमोर पोरी बूट घालून उभ्या राहतात म्हणून आमच्या संस्कृतच्या बाईंनी मोठा गहजब केला. सर म्हणाले, "बाई, सरस्वतीले चालस. तिना मोरले विचारा."

ते सर्वज्ञ होते असं मात्र समजू नका. एका पावसाळ्यात भिजलेले बूट त्यांनी वाळवायला म्हणून स्वयंपाकघरात चुलीच्या कडेला लावून ठेवले. दुपारपर्यंत सगळ्यांचे तळ सुटले आणि वरणाला रबराचा वास लागला. स्वयंपाकाच्या मावशींनी एकेक बूट अंगणात भिरकावला. सरांनी चूक कबूल केली नाही. "गोंद हलका व्हता," म्हणाले. त्यानंतर मात्र ते बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरून ते सावलीत वाळवायला लागले आणि जणू जन्मापासून तसंच करत आल्यासारखं सगळ्यांना सांगायला लागले.

जमना आमच्याकडे नववीत होती. धडगावच्याही वरच्या एका पाड्यावरची. घरी पावरी बोलायची, आमच्याशी पुस्तकातलं मराठी, तेही मोजकं. तालुक्याच्या स्पर्धेत ती अनवाणी पळाली आणि पहिली आली. त्याचा फोटो पेपरात छापून आला. आम्ही सगळे खूश. सर एकटेच फोटो डोळ्यांजवळ धरून बसले होते. "टाच पहा. चिरायेल शे," म्हणाले.

तिच्या बुटांसाठी आम्ही तळोद्याला गेलो. मुलगी बरोबर असली की बाईमाणूस लागतं, म्हणून मी. सरांनी मुद्दाम संध्याकाळची वेळ धरली, कारण दिवसभरात पाय फुगतात आणि सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतो. दुकान चाचांचं. त्यांच्या आजोबांपासून त्या गल्लीत चपला-बुटांचंच काम. जमनाचा पाय पुढून रुंद, बोटं मोकळी पसरलेली. डोंगर चढणाऱ्या सगळ्यांचे असतात तसे. मुलींचे म्हणून जे बूट होते ते सगळे चोचीसारखे निमुळते. सर एकेक जोड हातात घेऊन वाकवायचे, पिळायचे, पोरीच्या अंगठ्यापुढे आपला अंगठा ठेवून जागा बघायचे आणि तो बाजूला टाकायचे. मग तिला गल्लीत पळायला लावायचे. चार वेळा पळून झाल्यावर चाचा म्हणाले, "सर, ये दुकान है, मैदान नै."

"मंग मैदानवर दुकान लावा," सर म्हणाले.

जमनाची नजर एका गुलाबी जोडावर होती. तिने तो नुसता बोटाने पुढे सरकवला. सरांनी हातात घेतला, वाकवला आणि परत ठेवला. "रंग पयस का?" त्यांनी विचारलं. रंग काही पळत नाही हे जमनाला पटलं असावं, पण गुलाबी जोडाकडे तिने जाता जाता एकदा पाहिलंच. शेवटी सरावासाठी एक जाड काळा जोड आणि शर्यतीसाठी पोरांचा एक करडा, हलका जोड घेतला. तो पुढून रुंद होता.

सुरुवातीला जमना बुटांवर हळू झाली. अर्ध्या वाटेत ती बूट काढायची आणि हातात घेऊन पळत यायची. सर ओरडायचे, ती हसायची. "आवाज करतात, सर," म्हणायची. सर ते ऐकून घेणारे नव्हते. महिन्या-दोन महिन्यांत तिचा पाय बुटात बसला आणि मग तिला पाहणं म्हणजे खरंच सुख होतं. एका सकाळी ती माझ्या खोलीशी आली आणि पाय वर करून टाच दाखवली. भेगा भरून आल्या होत्या, कातडी मऊ झाली होती. "मॅडम, आता चादरीला अडकत नाही," ती म्हणाली.

मग ती शर्यत आली. जिल्ह्याच्या गावातल्या एका मोठ्या व्यापाऱ्याने ती भरवली होती. मुलींच्या गटात पहिल्या तिघींना नाशिकच्या एका केंद्रात राहून सराव करायला मिळणार होतं. खाणं, राहणं, शाळा, सगळं तिथेच. जमनासाठी याहून मोठं काही नव्हतं. दहावीनंतर तिला परत पाड्यावर जायचं नव्हतं आणि तिथून कामाला गुजरातेत जायचं नव्हतं. हे तिने कोणाला फारसं सांगितलं नव्हतं, पण सरांना सांगितलं होतं. सर तिला रोज म्हणायचे, "तिनमा ये. पहिली नको येऊस. तिनमा ये."

शर्यतीच्या आधी मुख्याध्यापकांनी आणखी एक बातमी आणली. तेच व्यापारी आमच्या शाळेतल्या सगळ्या मुलींना बूट देणार होते. आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या. बूट देण्याचा समारंभ शर्यतीनंतर मंचावरच होणार होता. तो कसा होणार होता हे मात्र मुख्याध्यापकांनी सांगितलं नाही.

शर्यतीच्या सकाळी आम्ही सुरुवातीच्या रेषेजवळ उभे होतो. जमनाने करडे बूट घातले होते, सरांनी नाड्या दोनदा तपासल्या होत्या. एवढ्यात माइकवाला माणूस आला, त्याच्याबरोबर कॅमेरावाला. त्याने जमनाचा नंबर पाहिला, मग पाय पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. "ही तीच ना? पेपरातली? हिच्या पायात बूट कसे?"

मुख्याध्यापक धावत आले. सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "सर, बूट काढा तिचे."

सरांना वाटलं काहीतरी नियम असेल. "कसाले?"

मग ते उलगडलं. व्यापाऱ्यांना पेपरातला फोटो आवडला होता. अनवाणी पोर पळणार, मग ते मंचावर स्वतः खाली बसून तिच्या पायात बूट घालणार आणि त्यानंतर सगळ्या शाळेला बूट जाहीर करणार, असा कार्यक्रम होता. पायात आधीच बूट असलेल्या मुलीला बूट कसे घालणार? पोर अनवाणीच पळेल, असं त्यांना कळवूनही झालं होतं. अर्थात कळवलं होतं मुख्याध्यापकांनीच.

मी म्हटलं, "साहेब, ती नाशिकसाठी पळतेय, फोटोसाठी नाही."

"मॅडम, तुम्ही पाण्याच्या बाटल्या बघा," ते म्हणाले.

सरांचा आवाज मी तेवढा बारीक कधी ऐकला नव्हता. "साहेब, ती बूटवर सराव करेल शे. तिना पाय कवळा व्हई गयात. मीच करात. आते डांबरवर नही चालाव."

"सगळ्या शाळेतल्या पोरींचे बूट त्या दोन पायांवर अडकलेत, सर. आणि तुमचा जूनही." मुख्याध्यापक वाईट माणूस नाहीत. हे वाक्य त्यांनी शांतपणे, समजावून सांगावं तसं सांगितलं. मला त्यांचा आजही राग येतो तो त्या शांतपणाचा.

मला खात्री होती, सर भडकतील. बूट वाकवतात तसा त्या माइकवाल्याला वाकवतील. तुम्ही त्यांना ओळखत असता तर तुम्हालाही हेच वाटलं असतं. सर जमनापाशी आले, खाली बसले आणि तिच्या नाड्या सोडायला लागले.

"सर, का?" जमनाने विचारलं.

"थोडाच रस्ता शे, पोरी."

रस्ता थोडा नव्हता. हे तिलाही माहीत होतं, कारण आदल्या दिवशी त्यांनीच तिला तो चालत दाखवला होता. तिने काही वाद घातला नाही. एक पाय मोकळा झाला, दुसरा मोकळा झाला. मग तिने विचारलं, "मोजे तरी राहू देऊ?"

सरांनी मान वर करून माइकवाल्याकडे पाहिलं. माइकवाल्याने मान हलवली.

"नही," सर म्हणाले आणि मोजेही त्यांनीच काढले.

रेल्वेच्या पुलापर्यंत जमना पुढे होती, असं मोटरसायकलवरून जाणारा एक स्वयंसेवक सांगत आला. पुलाच्या पलीकडे रस्त्याचं काम चाललेलं होतं, तिथे खडी पसरलेली. नंतर कोणी काही सांगत आलं नाही. ती आली तेव्हा पायांच्या कडांवर चालावं तशी पळत होती. मागे डांबरावर ओले डाग उठत होते. पहिल्या तिघींत ती नव्हती.

सर तिला धरायला पुढे गेले. ती त्यांना ओलांडून माझ्याकडे आली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. रडली नाही.

मंचावर बोलावण्याआधी तिचे पाय बाटलीतल्या पाण्याने धुवायला सांगितले, नव्या बुटांना डाग नको म्हणून. मीच धुतले. तळव्यांची कातडी पुढच्या बाजूला सुटली होती. व्यापारी मंचावर गुडघ्यावर बसले, कॅमेरे पुढे झाले. त्यांनी तिच्या पायात पांढरे बूट घातले. ते पुढून निमुळते होते. जमनाने ओठ दाताखाली धरला. भाषणात व्यापारी म्हणाले की पोरीच्या डोळ्यांत आनंदाश्रू आहेत.

परतीच्या जीपमध्ये जमना मागच्या बाकावर माझ्या मांडीवर झोपली होती. सर पुढे ड्रायव्हरजवळ. तळोदा मागे पडल्यावर मीच म्हटलं, "सर, तुम्ही नाही म्हणायला हवं होतं."

ते मागे वळले नाहीत. "मॅडम, मन्हा मनमा उनं," ते म्हणाले, "तिना पाय शेतस. डोंगरना शेतस. सोसी लेती."

डोंगराचे पाय, सोसून घेतील. मला जे लागलं ते हे. मागच्या रांगेतून पुटपुटणारा हा माणूस, आणि त्याच्याही मनात नेमक्या वेळी पाहुण्यांचंच वाक्य आलं. जूनच्या भीतीने बूट काढले असते तर मी समजून घेतलं असतं. मी त्यांना त्या जीपमध्ये माफ केलं नाही. नंतरही केलं नाही. ते माझे आवडते सहकारी होते, हेही तितकंच खरं आहे.

बूट शाळेला आले, हे सांगायला हवं. फसवणूक झाली नाही. पांढरे, पातळ तळाचे, पण आले. पोरी त्या दिवशी बूट घालूनच झोपल्या. सरांनी वाटप केलं, प्रत्येकीच्या अंगठ्यापुढे अंगठा ठेवून जागा बघितली, कोणाला कापूस घालून दिला, कोणाचा जोड मैत्रिणीशी बदलून दिला. सगळं नीट केलं. फक्त त्यांचा तो रोजचा नियम त्यांनी कोणाला ऐकवला नाही. पोरींना वाटलं, सर आजारी आहेत.

जमनाचे पाय पिकले. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी गेली आणि परत आली नाही. सर जीपने वर गेले, जीप संपली तिथून चालत पाड्यावर गेले. घराला कडी होती. शेजारच्या बाईने सांगितलं, सगळे ऊसतोडीला गुजरातेत गेले, पोरगीसुद्धा. "पाय बरा शे का तिना?" सरांनी विचारलं. बाई म्हणाली, बरा असल्याशिवाय मुकादम कशाला नेईल?

हे सगळं त्यांनी मला व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितलं. मग म्हणाले, "ऊसना वावरमा सड ऱ्हातस, मॅडम. तोडेल ऊसना बुडखा. सुरीसारखा." मला माहीत होतं. त्यांचंच जीपमधलं वाक्य त्यांना ऐकवावंसं वाटलं, पण ते त्यांच्या सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं असतं.

उन्हाळ्यात त्यांची नेमणूक संपली. त्या वर्षी त्यांनी मुख्याध्यापकांना एकही फोन केला नाही. जूनमध्ये त्यांचा आदेश आला होता. मुख्याध्यापकांनी दिलेला शब्द पाळला होता. सर रुजू झाले नाहीत. कोणी म्हणतं सुरतेला कारखान्यात आहेत, कोणी म्हणतं गावी केळीच्या बागेत कामाला जातात. त्यांचा नंबर लागत नाही. आता नवीन सर आहेत, चांगले आहेत, कबड्डी शिकवतात. पोरींच्या बुटांकडे कोणी बघत नाही, आणि पांढरे बूट आता बरेचसे फाटले आहेत.

तो मंचावरचा फोटो मुख्याध्यापकांच्या खोलीत लावला आहे, मोठा करून, काचेच्या चौकटीत. व्यापारी गुडघ्यावर बसलेले, जमना खुर्चीत, पायात पांढरे बूट. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलंय, 'आयुष्यातले पहिले बूट'. पाहुणे आले की तो बघतात आणि डोळे पुसतात. फोटोच्या डाव्या कडेला, मनगटापाशी कापला गेलेला एक हात आहे. चौकटवाल्याला तो काढून टाकायचं सुचलं नाही. त्या हातात, नाड्या एकमेकींना बांधलेला, टाचेला थोडा झिजलेला करडा जोड लोंबतो आहे.